रिकाम्या सीटचा पट्टा

जानेवारी लागला की हीएतावारा गावातल्या लोकांना आपल्या गाडीविषयी एकाएकी शंका येऊ लागतात. वर्षभर मुकाट्याने चाललेल्या गाडीत त्यांना हजार आवाज ऐकू येतात, आणि ते सगळे आवाज घेऊन ते ओइवा हुओतारीच्या काउंटरपाशी येतात. बंद केल्यावर इंजिन टकटक का करतं? धातू गार होताना आक्रसतो, म्हणून. टायरमधल्या हवेचा दिवा का लागलाय? बाहेर उणे अठ्ठावीस आहे, हवा आकसली, थोडी भरून घ्या, विझेल. दार उघडत नाही? रबराला सिलिकॉन लावा, गरम पाणी ओतू नका. ओतलंत? मग आता पलीकडच्या दाराने चढा, वसंत येईपर्यंत. गावात गॅरेज ते एकच. लोकांचं ऐकून घ्यायचं, गाडी आत पाठवायची, झालेलं काम समजावून ती परत द्यायची, एवढं ओइवाचं काम. पंचवीसेक वर्षं तो तेच करत होता आणि कधी चिडत नसे. चिडायलाही अंगात जोर लागतो. त्याच्यात जेवढा उरला होता तेवढा सगळा हिल्कासाठी लागायचा.

हिल्का त्याची बायको. तिची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थकली आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. इस्पितळ शहरात, जंगलातून दीड तासाच्या वाटेवर. रुग्णांसाठी टॅक्सी मिळायची, पण ती वाटेत आणखी चौघांना गोळा करत जायची आणि हिल्का घरी पोचेपर्यंत तिच्यात प्राण उरत नसे. म्हणून ओइवाच तिला नेई-आणी. त्या तीन दिवशी तो अर्धा दिवस काम करी, तिला यंत्राला जोडलं की व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून डुलक्या घेई. घरात दोघंच. आता बोलणंही कमी झालं होतं, भांडण वगैरे काही नव्हतं, दमले होते बिचारे.

त्या जानेवारीत मोइलानेनबाई आल्या. गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले, त्यात ओइवाही होता. हातमोजे काढून त्यांनी काउंटरवर एकावर एक नीट ठेवले.

"शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी ओरडते," त्या म्हणाल्या. "सीटवर कुणी नसतं."

"पिशवी ठेवली असेल, बाई. गादीखाली वजन ओळखणारी पातळ चटई असते. दोन लिटर दुधानेही ओरडते कधीकधी."

"पिशवी मागे असते. माझं डोकं अजून जागेवर आहे, ओइवा."

"बरं. कधी ओरडते?"

"शहरातून गावाकडे येताना. मुस्तालांपीच्या थांब्यापाशी सुरू होते आणि दुधाच्या ओट्यापाशी गप्प होते. जाताना काही नाही."

ओइवाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. त्या टापूत थंडीने रस्ता फुगून वरखाली झाला होता, गाडी हादरली की सीट हादरते, चटईला वाटतं कुणी बसलं. बाईंनी मान डोलावली, पण चुकीच्या उत्तराला जेवढी डोलवायच्या तेवढीच.

"माझा भाऊ म्हणतो, रिकाम्या सीटला पट्टा अडकवून ठेव, आवाज बंद."

"तेवढं नका करू. मग गाडीला कळत नाही सीटवर कोण आहे आणि कोण नाही ते. अपघात झाला तर नको तिथे एअरबॅग फुटते. पट्टा माणसासाठीच असतो."

हे तो सगळ्यांना सांगायचा. गावातले निम्मे लोक तरीही अडकवायचेच.

बाईंच्या गाडीत काही सापडलं नाही. त्याच आठवड्यात टॅक्सीवाला रेयो आला, तोच आवाज, तोच टापू. मग लाकूडतोड्यांच्या मुकादमाची गाडी आली. मग पाववाल्याची व्हॅन. चारही गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एक तर पार नवी.

"माझं एवढंच म्हणणं आहे," रेयो म्हणाला, "बसायचंच आहे तर मागे बसावं माणसाने. टॅक्सीत पुढे कोण बसतं?"

"थट्टा पुरे. सीट ओली झाली असेल."

"ओली कशाने होईल, ओइवा? मी काय सीटवर बर्फ वाहतो?"

आत गाडीखालून वेसाचा आवाज आला. वेसा कार्प्पिनेन तिथला मेकॅनिक, हात सोन्याचे आणि जीभ मोकाट. "मुस्तालांपीला तुम्ही सगळे गाडी हळू करता. हळू केली की बसणारा बसणारच. त्यात गाडीचा काय दोष?"

कुणी फारसं हसलं नाही, कारण गाडी हळू करत होते हे खरं होतं. मुस्तालांपी म्हणजे जंगलातलं एक काळं तळं आणि त्याच्या काठचा लाकडी बसथांबा. बस बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. पण उणे तीसमध्ये थांब्यावर कुणी उभं असलं तर त्याला सोडून पुढे जायचं नाही, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. हात दाखवायचीही गरज नसते. म्हणून थांबा आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आत डोकावून बघितलं जातं, कुणी नाही अशी खात्री झाली की पुढे. दुधाचा ओटाही असाच उरलेला होता. पूर्वी आसपासच्या घरांतले लोक दुधाचे कॅन त्यावर आणून ठेवत आणि दूधगाडी ते उचलून नेई. आता तिथे घरं नव्हती, गाई नव्हत्या. मागे फक्त झाडं.

जानेवारीच्या अखेरीला एकदा हिल्काच्या हातातली डायलिसिसची सुई टोचायची शीर बिघडली आणि डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतलं. ओइवा एकटा परत निघाला. दुपारचे तीन वाजून गेले होते, उजेड निळा पडत चालला होता. शेजारची सीट रिकामी असली की त्याला चैन पडत नसे. हिल्का बोलायची नाही, पण तिथे असायची. तिचा श्वास, मधूनच बोटं मोडण्याचा आवाज.

मुस्तालांपीपाशी त्याचा पाय ब्रेकवर गेला. त्याने थांब्यात डोकावून पाहिलं. बाकावर बर्फ, वाऱ्याने गुळगुळीत केलेला. कुणी नव्हतं.

गाडीने वेग घेतला आणि टुंग, टुंग, टुंग सुरू झालं. समोर लाल दिवा, छोट्या माणसाचं चित्र आणि त्याच्या छातीवर तिरपा पट्टा.

आपल्याही गाडीला झालं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने सीटवर हात फिरवून पाहिला. कोरडी, गार. आवाज वाढत गेला, तसा तो वाढतोच, माणसाने वैतागून पट्टा लावावा म्हणूनच तो तसा केलेला असतो. दुधाचा ओटा काही फार दूर नव्हता. पण ओइवा पहाटेपासून जागा होता, हिल्काच्या हातावरची काळीनिळी सूज डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि त्याच्या डोक्यात त्या आवाजाला तसूभर जागा नव्हती. जे लोकांना करू नका म्हणून सांगायचा तेच त्याने केलं. उजव्या हाताने पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा आणला आणि खटकन अडकवला.

आवाज थांबला. ओटा आला, मागे गेला. घरी पोचल्यावर त्याने अंगणातल्या खांबाची वायर गाडीच्या नाकात खोचली, म्हणजे सकाळी इंजिन कोमट राहील, आणि आत जाऊन बूट न काढताच बाकावर बसला. पट्टा सोडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

सकाळी गाडीच्या शेजारच्या सीटकडच्या खिडकीवर आतून दंव धरलं होतं. हाही जानेवारीतला ठरलेला प्रश्न. काच आतून का गोठते? बुटांचा बर्फ पायपोसात वितळतो, त्याची वाफ काचेवर बसते. ओइवाने पायपोस काढून झटकले. ते कोरडे होते. बाकीच्या काचा स्वच्छ होत्या. फक्त त्या एका खिडकीवर, बसलेल्या माणसाचं तोंड येतं तेवढ्या उंचीवर, ताटाएवढा पांढरा गोल होता. त्याने तो खरवडून काढला.

हिल्काला आणायला जाण्यापूर्वी त्याने पट्टा सोडला आणि किल्ली फिरवली. टुंग, टुंग, टुंग. अंगणातच. त्याने पुन्हा अडकवला.

त्यानंतर ते तसंच राहिलं. तो एकटा असला आणि पट्टा सुटा असला की गाडी ओरडायची, कुठेही, दुकानापुढे, गॅरेजच्या फाटकात. हिल्का बसली की अर्थातच शांत, तिचा पट्टा ती लावायची.

गॅरेजात मात्र ती तक्रार एकदम बंद झाली. मोइलानेनबाई हवा भरायला आल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं म्हणायचं. रस्ता अजून तसाच आहे, पण गाडी ओरडायची थांबली." रेयोचंही तेच. पाववाल्याचंही. "बरा झाला सगळ्यांचा रोग," वेसा म्हणाला.

"एकाचा राहिलाय," ओइवा म्हणाला आणि आपली गाडी आत घेतली.

वेसाने संगणक जोडला. या गाड्यांत सीटखालच्या चटईवर किती भार आहे तो आकडा पडद्यावर दिसतो. सीट रिकामी होती, पुसलेली होती. पडद्यावर तीन आला.

"तीन किलो हवा," वेसा म्हणाला. "चटई गेली. नवी टाकू."

नवी टाकली. गाडी सुरू केली. तीन.

"वायर असेल," वेसा म्हणाला, पण थट्टा न करता, आणि हात पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

फेब्रुवारीत थंडी आणखी वाढली. हिल्का गाडीत बसली की कुडकुडायची. ओइवाने सीट गरम करायचं बटण लावून ठेवलं, गादी तापलेली हाताला लागायची, तरी ती कोटाची कॉलर वर करून बसायची. आणि आवळून बसायची. हात पोटाशी, गुडघे जुळवलेले.

"नीट टेकून बस ना," तो एकदा म्हणाला.

"जागा नाही होत."

"एवढी मोठी सीट आहे."

"मी एकटी बसलेय असं वाटत नाही इथे," ती म्हणाली. "जाऊ दे. औषधांनी होत असेल."

ओइवाने हीटर आणखी वाढवला. तो घाबरला होता. आपण घाबरलोय हे स्वतःला कबूल करायलाही तो दमला होता.

एका सकाळी तो वायर काढायला अंगणात गेला. पट्टा अडकवलेला होता, रोजच्यासारखा. रिकाम्या सीटवर पट्टा सपाट पडून राहतो, पाठीला आणि गादीला चिकटून. तो तसा नव्हता. छातीपाशी पुढे आलेला होता, मांडीपाशी वर उचललेला. थंडीने कापड ताठ होतं, ओइवाने स्वतःला सांगितलं. त्याने दार उघडून पट्ट्याला बोट लावलं. कापड मऊ होतं. बोटाने दाबलं तरी मागे गेलं नाही.

त्याने दार हळूच लावून घेतलं.

त्याच दिवशी इस्पितळात सातूने त्याला बाजूला बोलावलं. सातू तिथली परिचारिका, हिल्काला पहिल्या दिवसापासून ओळखणारी. यंत्राला जोडण्याआधी ती प्रत्येकाचं वजन करायची, सोडल्यावर पुन्हा करायची, अंगात किती पाणी साठलं ते त्यावरूनच कळतं.

"ती खाते का घरी?" सातूने विचारलं.

"खाते. माझ्यापेक्षा जास्त खाते."

"मग कळत नाही. ख्रिसमसला एकसष्ट होती. आज बावन्न. हे पाण्याचं वजन नाही, ओइवा, ही ती स्वतः चाललीय. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघत नाही. अशीच उतरत राहिली तर यंत्र तिला झेपणार नाही. महिनाभरही नाही. मला गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"किती उतरलं म्हणालीस?"

"नऊ किलो."

हिल्का यंत्रावर होती, अजून चार तास होते. ओइवा खाली गेला, गाडीत बसला आणि वेसाला फोन करून विचारलं, संगणकाशिवाय तो आकडा बघता येतो का. वेसाने विचारलं नाही कशाला. गाडीतल्याच पडद्यावर दुरुस्तीचं पान कसं उघडायचं, कुठलं बटण किती वेळ दाबून धरायचं ते त्याने सावकाश सांगितलं.

पट्टा अडकवलेला होता. सीट रिकामी होती.

पडद्यावर नऊ आला.

ओइवाने किल्ली बंद केली. समोर इस्पितळाच्या दारातून लोक जात-येत होते, कुणी काठी घेऊन, कुणी फुलं घेऊन. त्याच्या डोक्यात जे जुळलं ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. मुस्तालांपीला कुणीतरी बसत होतं आणि ओट्यापाशी उतरत होतं. कित्येक वर्षं बसत असेल, उतरत असेल, जुन्या गाड्यांना सांगता येत नव्हतं एवढंच. कुणाचं काही बिघडत नव्हतं. ओइवाने त्याला पट्टा लावला आणि त्याच्या उतरण्याच्या जागेवरून पुढे घरी आणलं. आणि त्याच सीटवर रोज हिल्काला बसवलं.

यावर त्याचा विश्वास होता असं नाही. पण गाडीचं काय बिघडलंय ते कळलं नाही तरी कधी बिघडलं ते कळलं, तर तिथपासून उलट सुरुवात करायची, हे त्याला येत होतं.

परतताना त्याने हिल्काला मागे बसवलं.

"मागे का?"

"पुढची सीट बिघडलीय."

"किती दिवसांनी लक्षात आलं तुझ्या," ती म्हणाली आणि मागे डोकं टेकून डोळे मिटले. तिच्या अंगावरचा कोट खुर्चीवर टाकल्यासारखा दिसत होता. पुढचा पट्टा अडकवलेला होता. ओइवाने त्याच्याकडे पाहिलं नाही. दीड तासाच्या त्या रस्त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता.

मुस्तालांपीला तो हळू झाला नाही. तिथे हळू न होता जायची त्याची ती पहिलीच वेळ. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललाच गेला होता, त्याने तो जबरदस्तीने परत खाली दाबला.

ओट्यापाशी त्याने गाडी थांबवली. दिवस मावळला होता, पण बर्फाचा उजेड होता. फळ्यांवर गुडघाभर बर्फ साचलेला, मागे झाडं, त्यांच्यामध्ये पूर्वी वाट असावी अशी फट. तो उतरला, वळसा घालून पलीकडे गेला आणि पुढचं दार उघडलं. वाकून पट्टा सोडला. पट्टा लगेच मागे सरकला नाही. सावकाश गेला.

टुंग, टुंग, टुंग.

"इथे उतरायचं असतं ना," ओइवा म्हणाला. गारठ्यात तोंडातून वाफ येत होती. "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. उतरा आता."

टुंग, टुंग.

"कुणाशी बोलतोयस?" हिल्काने मागून विचारलं.

"गाडीशी."

"बोल मग. पण दार किती वेळ उघडं ठेवणार?"

"थोडा वेळ."

त्याने दार आणखी उघडलं, पार बिजागरी अडेपर्यंत, आणि बाजूला झाला, म्हातारं माणूस उतरताना होतो तसा. वारा नव्हता. झाडांवरचा बर्फही हलत नव्हता. त्याचे कान दुखायला लागले.

"उतरा हो," तो म्हणाला. "ती खूप आजारी आहे. मला दुसरं कुणी नाही."

आवाज थांबला.

एकदम थांबला. समोरचा लाल दिवाही विझला. ओइवाने गादीवर तळहात टेकला, दाबला. गादी खाली गेली आणि परत वर आली, साध्या गादीसारखी. बर्फात कुणाची पावलं उमटतात का ते त्याने बघितलं नाही. त्याला बघायचं नव्हतं. त्याने दार लावलं आणि गाडीच्या पाठीमागे जाऊन, हिल्काला दिसू नये म्हणून, हातमोज्यात तोंड लपवून रडून घेतलं.

"झालं?" तो बसल्यावर हिल्काने विचारलं.

"झालं."

घरापर्यंत ती एकदाही थंडी वाजते म्हणाली नाही.

दुसऱ्या सकाळी काचा स्वच्छ होत्या. पट्टा सुटा होता आणि गाडी गप्प होती. गॅरेजात वेसाने संगणक जोडला, शून्य आला, आणि त्याने नुसता ओइवाच्या खांद्यावर हात ठेवला. ओइवाने त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दुपारचं जेवण पूर्ण संपवलं.

त्याच्या पुढच्या दिवशी डायलिसिस. हिल्काला पुढे बसायला सांगितलं तर तिने मान हलवली, मागेच बसते म्हणाली, सवय झाली. वाटेत त्याला शीळ घालावीशी वाटली.

सातूने हिल्काला काट्यावर उभं केलं. आकडा बघितला. उतरायला सांगितलं, काटा शून्यावर आहे ना ते पाहिलं, पुन्हा चढवलं.

"एकसष्ट," ती म्हणाली.

ओइवाला हसू फुटलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. कोट काढल्यावर तिच्या बाह्या तशाच लोंबत होत्या. गळ्याची हाडं परवापेक्षा वर आली होती. मनगट त्याच्या दोन बोटांत मावलं असतं.

सातू खाली वाकून हिल्काचे घोटे दाबून बघत होती. सूज नव्हती.

"काटा बिघडलाय," ती उठत म्हणाली. "या थंडीत यंत्रांना काय होतं कोण जाणे. ओलावा गेला असेल आत. कुणाला तरी बघायला सांगते."

"हो," ओइवा म्हणाला. "ओलाव्याने होतं."

हिल्का खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीकडे गेली. रुंद, मागे कलणारी खुर्ची, तिच्यासारख्या दोघी बसतील एवढी. ती अगदी कडेला बसली. खुर्चीचा हात टेकायचा दांडा तिच्या बरगडीत रुतत होता.

"मध्ये सरक ना गं," सातू म्हणाली. "एवढी जागा आहे."

"असू दे. पुरते."

सातूने तिला पांघरूण दिलं. हिल्काने ते उलगडलं, आधी खुर्चीच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर घातलं, त्याची कड हाताने नीट आत खोचली, आणि मग जेवढं उरलं तेवढं स्वतःच्या गुडघ्यांवर ओढून घेतलं.